उलटा टीव्ही

आमच्या घरात पहिला सपाट टीव्ही आला, तो उलटा आला. म्हणजे खोका सुलटच होता, त्यावरचा 'ही बाजू वर' असा बाणही छताकडं होता, आणि बाहेर काढल्यावर टीव्ही आपल्या दोन प्लॅस्टिकच्या पायांवर शहाण्यासारखा उभाही राहिला. आत्यानं त्याला हळदकुंकू वाहिलं, बाबांनी उदबत्ती ओवाळली, आई म्हणाली, "आता लावा एकदाचा," आणि बटण दाबल्यावर बातम्या देणारी बाई खांदे वर आणि डोकं खाली अशी प्रकट झाली. तिच्या कानातले डूल छताच्या दिशेनं लोंबत होते. ती मात्र कुठल्यातरी धरणातल्या पाणीसाठ्याबद्दल अगदी शांतपणे बोलत होती. आम्ही चौघांनीही माना वाकड्या केल्या. शेवटी आत्यानं बाबांना विचारलं, "आसंच असतं का रे दिगू, नव्या टीव्हीत?"

मी हे लिहायला बसले तेव्हा नवरा हसला. म्हणाला, "अजून पस्तिशी गाठली नाहीस, आणि आत्मचरित्र?" मी म्हटलं, ज्या घरात दोन वर्षं उलटा टीव्ही होता त्या घरातल्या माणसानं म्हातारपणापर्यंत थांबू नये, विसरलं तर कोण विश्वास ठेवणार? आमच्या आताच्या घरात भिंतभर टीव्ही आहे, अगदी सुलट, आणि त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहत नाही. ज्याच्या-त्याच्या हातात ज्याचा-त्याचा फोन. तर ते असो.

तेव्हा आम्ही चिकलठाण्याला राहायचो, विमानतळापासून फार लांब नाही अशा तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. विमान डोक्यावरून जायला लागलं की आई बोलता बोलता थांबायची आणि ते गेल्यावर बरोबर त्याच शब्दापासून पुढं सुरू करायची. "मंजू, तो कुकर..." आणि मग मोठी घरघर, खिडक्यांच्या काचांची थरथर, "...बंद कर." सकाळी पावणेसातला बाबांच्या कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची. बाबा तिथल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. गाड्यांना लागणारे लहान लहान सुटे भाग त्यांच्यासमोर यायचे आणि बाबा ते पास किंवा नापास करायचे. केसाएवढा फरक असला तरी नापास. खात्यात त्यांचा फार दरारा होता म्हणे. पण एखादा माल अगदीच थोडका चुकलेला असेल आणि त्यानं कामाचं काही बिघडणार नसेल, तर तो 'डेव्हिएशनवर पास' करता यायचा. म्हणजे चूक आहे हे आम्हाला माहीत आहे, तरी चालवून घेतो. हा शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरला जायचा. भाकरीचा पापुद्रा फाटला, डेव्हिएशनवर पास. माझे गणितातले मार्क, डेव्हिएशनवर पास. आईनं शिवलेल्या माझ्या ड्रेसची एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब होती. तीही पास झाली आणि मी ती घालून अख्खी अकरावी काढली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई-बाबा तिला अक्का म्हणायचे. बाबा पाच वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आत्या तेव्हा बारा वर्षांची. अजिंठ्याच्या घरात तिनंच चूल सांभाळली आणि भावाला वाढवलं. पुढं तिचं लग्न झालं, तिचे यजमान लवकर गेले, आणि बाबांना नोकरी लागल्याबरोबर ते जाऊन तिला घेऊन आले. मला कळायला लागल्यापासून आत्या आमच्याच घरात होती. तिच्या येण्यानं घराला एक वास आला होता, येसराचा. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, मिरच्या असं काय काय ती मंद आचेवर भाजायची, दळून आणायची आणि ते येसराचं पीठ लावून दाट, तिखट आमटी करायची. ज्या दिवशी येसर भाजायची त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू सहज म्हणून वर यायच्या. समोरच्या दारातले सय्यद चाचा तर जिन्यातूनच ओरडायचे, "आत्या, आज हमारे यहाँ सालन नहीं बनता, वाटी भेज रहा हूँ!"

या सय्यद चाचांचा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचा धंदा होता. ताडमाड उंच माणूस. त्यांच्याकडं भिंतीला भोक पाडायचं ड्रिल मशीन होतं आणि त्यांना ते चालवायला निमित्त लागत नसे. बाबांची आणि त्यांची घट्ट मैत्री होती. आमचा जुना डबा टीव्ही एके दिवशी धूर सोडून निवर्तला, तेव्हा जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात टीव्हीचा महासेल लागलाय ही बातमी चाचांनीच आणली होती. दोघं मिळून गेले आणि बत्तीस इंची टीव्ही घेऊन आले. स्वस्त होता, आणि वर इस्त्री फुकट. कंपनीचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. 'झिनिझ'. इंग्रजी मोठ्या अक्षरांत: झेड, आय, एन, आय, झेड. आत्याला ते नाव शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ती त्याला जिन्नस म्हणायची.

तर बातम्यावाली उलटी. बाबांनी आधी टीव्ही हलकेच थोपटला, मग वायर काढून परत लावली, मग पुस्तिका उघडली. पुस्तिकेत मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं, आणि जे इंग्रजी होतं ते बाबांच्या मते इंग्रजी नव्हतं. मग रिमोटनं सेटिंग उघडायचं ठरलं. पण सेटिंगची पाटीसुद्धा उलटीच दिसे. म्हणून मी दिवाणावर पाठीवर झोपले, डोकं काठावरून खाली लोंबकळत सोडलं आणि तशीच मोठ्यानं वाचायला लागले, "आवाज... रंग... झोपायची वेळ..." बाबा रिमोट दाबत होते. अर्ध्या तासानं माझ्या डोक्यात सगळं रक्त उतरलं आणि टीव्हीची भाषा रशियनसारखी काहीतरी झाली. आई म्हणाली, "बास करा. पोरगी उलटी आणि टीव्हीही उलटा, दोन दोन कशाला?" आणि ठरलं, की उद्या सकाळी जाऊन बदलून आणायचा.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि चाचा रिक्षात खोका घालून त्या मंगल कार्यालयात गेले, तर तिथं लग्न. सेलचे लोक रातोरात गाशा गुंडाळून पसार झालेले. दारात तुतारी, आत अत्तर आणि गुलाबपाणी. बाबा कुणालातरी विचारू म्हणून आत शिरले, मागून चाचा खांद्यावर खोका घेऊन. नवरीकडच्यांना वाटलं हे नवऱ्याकडचे, नवऱ्याकडच्यांना वाटलं नवरीकडचे. एवढा मोठा आहेर आणलाय म्हटल्यावर एका गृहस्थानं धावत येऊन चाचांच्या खांद्यावरचा खोका उतरवून घेतला आणि दोघांच्या कपाळाला गंध लावलं. "अहो, आम्ही टीव्ही परत करायला आलोय," असं बाबा सांगत होते, पण बँड जोरात होता, आणि त्या गृहस्थाला फक्त 'टीव्ही' एवढंच ऐकू गेलं. "टीव्ही आणलाय पाहुण्यांनी!" तो ओरडला. दोघांना हाताला धरून पंगतीत बसवलं. चाचा नंतर सांगायचे, "मैं बोला साब, खाना तो खालो, झगडा बाद में करेंगे. जिलेबी गरम थी." जेवण होऊन हात धुऊन येईपर्यंत खोका स्टेजवर, नवरा-नवरीच्या शेजारी. बाबांचा स्वभाव असा, की जेवल्या घरची वस्तू उचलणं त्यांना जमेना. शेवटी चाचाच स्टेजवर चढले. नवरदेवाच्या कानात काहीतरी बोलले. नवरदेव आधी पांढरा पडला, मग हसला, आणि फोटोवाल्यानं तेवढ्यात तिघांचा आणि खोक्याचा फोटो काढला. कुणाच्यातरी लग्नाच्या अल्बममध्ये आमचा टीव्ही असेल अजून. चाचांनी नवरदेवाला काय सांगितलं ते मी पुढं खूपदा विचारलं. "बोला, दूल्हेराजा, ये लोगे तो जिंदगीभर शीर्षासन करना पडेगा."

तर टीव्ही परत आमच्याच घरी आला. बाबा खुर्चीत बसले, गंध लावलेले, आणि कितीतरी वेळ टीव्हीकडं पाहत राहिले. मग चाचांनीच तोडगा काढला. "पाठक साब, टीवी सीधा है इसलिए तस्वीर उल्टी है. टीवी को उल्टा टांगो. मैं मशीन लाता हूँ." आई म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील?" बाबांनी टीव्ही उचलून उलटा धरला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आला. "हे बघ," ते म्हणाले, "नाव वाच." आम्ही वाचलं. उलटं केलं तरी झिनिझच! ही अक्षरंच अशी, की खालून वाचा नाहीतर वरून, फरक पडत नाही. "म्हणजे कंपनीनंच दोन्हीकडून चालेल असं बनवलंय. कामाला बाधा नाही. डेव्हिएशनवर पास." चाचांचं ड्रिल मशीन घुर्र करून भिंतीत घुसलं, विटकरीचा भुगा आत्याच्या धुतलेल्या हरभऱ्याच्या डाळीत पडला, आणि टीव्ही उलटा टांगला गेला. बातम्यावाली सुलट झाली. टीव्हीचे दोन पाय आता बिनकामाचे झाले. आईनं ते भंगारवाल्याला देऊन टाकले.

उलट्या टीव्हीचे काही नियम होते, ते आम्ही हळूहळू शिकलो. आवाजाची भोकं मुळात खालच्या कडेला होती, ती आता वर गेली होती, त्यामुळं मालिकेतली माणसं पडद्यावर बोलायची आणि आवाज छतातून यायचा. रिमोटचा डोळाही वर गेला होता. चॅनेल बदलायला हात आशीर्वाद दिल्यासारखा उंच करावा लागे. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, जमिनीवर बसून पाहिलं की पडद्यावरची झाडून सगळी माणसं पिठात लोळल्यासारखी पांढरीफटक दिसायची, आणि उभं राहून पाहिलं की तीच माणसं काजळी फासल्यासारखी काळी. फक्त दिवाणावर बसलं की माणसासारखी दिसायची. त्यामुळं दिवाणावरच्या तीन जागांना फार मान होता. पाहुणे आले की आई त्यांना मुद्दाम दिवाणावर बसवायची, टीव्हीबद्दल अवाक्षर काढायची नाही, आणि पाहुणे आवाजासाठी छताकडं बघायला लागले की चहा टाकायला आत निघून जायची. घरातली गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही, असं आमचं ठरलं होतं. बाबांची अब्रू होती ती. दिवसभर दुसऱ्यांचा माल नापास करणारा माणूस, आणि त्याच्याच घरात हे. चाचांनी अल्लाची कसम घेतली होती. जोशीकाकूंना मात्र संशय होता. त्या मान वाकडी करून टीव्हीची बटणं न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्याकडं बटणं वर का हो?"

अशी दोन वर्षं गेली. त्या वर्षी कॉलनीतल्या गणपतीत पाककृतीची स्पर्धा झाली आणि आत्याच्या येसर आमटीचा पहिला नंबर आला. परीक्षक म्हणून आलेल्या बाईंचा भाऊ शहरातल्या केबलवर काम करायचा. तिथं दर रविवारी दुपारी चार वाजता अर्ध्या तासाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम लागायचा. त्यांनी आत्याला बोलावलं. आत्या आधी म्हणाली, "मला नाय जमायचं, लई उजेड असतो तिथं." बाबांनी तिला दोन दिवस समजावलं. चित्रण मोबाइलच्या दुकानावरच्या एका खोलीत होतं. खोली एवढीशी, की आईला आणि मला जिन्यातच बसवलं. तासाभरानं आत्या बाहेर आली, नाकावर पावडर, पदराला आमटीचा डाग. आम्ही विचारलं, काय काय बोललीस? "त्या पोरीनं इचारलं ते सांगितलं," म्हणाली आणि पुढं एक शब्द काढला नाही.

रविवार येईपर्यंत बाबांनी अख्ख्या इमारतीला आमंत्रण देऊन टाकलं. कंपनीतले दोघं, जोशीकाकू-काका, वरच्या मजल्यावरची सगळी मंडळी. आई रडकुंडीला आली. "अहो, आपला टीव्ही कसा टांगलाय, विसरलात का?" बाबा म्हणाले, "अक्का टीव्हीवर येणार आहे. टीव्हीकडं कोण बघतंय?" सय्यद चाचा आणि चाची तर येणारच होते, कारण त्यांच्याकडं डिश होती आणि डिशवर शहराची केबल दिसत नसे. सकाळपासून आत्या स्वयंपाकघरात. एवढी माणसं येणार म्हणून तिनं पातेलंभर आमटी टाकली, भाकऱ्यांची चळत रचली, शेंगदाण्याची चटणी कुटली. घरभर खमंग. साडेतीनपर्यंत खोली भरली. दिवाणावर सहा जण, जमिनीवर सतरंजी, दारात चपलांचा डोंगर. आत्या नवं पातळ नेसून एका खुर्चीत अशी ताठ बसली होती, जणू तिचा निकाल लागणार आहे.

चारला दहा कमी असताना लाईट गेली.

खोलीत एकच आरडाओरडा. कुणी लाईटवाल्यांना शिव्या घातल्या, कुणी पंखा पंखा केलं. पाच मिनिटांनी लाईट आली ती मोठा झटका देऊन. ट्यूब फडफडली, फ्रिज गुरगुरला, आणि टीव्ही आपोआप सुरू झाला. पडद्यावर साडीच्या दुकानाची जाहिरात होती आणि जाहिरातीतल्या सगळ्या बायका डोक्यावर उभ्या होत्या.

पुढं कधीतरी एका मेकॅनिकनं आम्हाला सांगितलं, की आतमध्ये चित्र फिरवायचं एक सेटिंग असतं, ते कारखान्यातूनच चुकीचं आलं होतं, आणि त्या झटक्यानं पुसलं जाऊन टीव्ही आपोआप दुरुस्त झाला. म्हणजे त्या दुपारी आमचा टीव्ही आयुष्यात पहिल्यांदा अगदी बरोबर चालत होता. फक्त आम्ही तो उलटा टांगला होता. पण त्या वेळी हे कुणाला माहीत? तिथं एवढंच दिसत होतं, की पाच मिनिटांत आत्या येणार आणि ती उलटी येणार.

"अरे, हा तर उलटा टांगलाय!" जोशीकाकू जवळजवळ आनंदानं ओरडल्या. "मी म्हणत नव्हते?" सगळी खोली हसली. बाबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. काकू लगेच म्हणाल्या, "चला, चला, आमच्याकडं चला सगळे. आमचा सुलट आहे." दोन-तीन माणसं उठलीसुद्धा. मला वाटलं, आता बाबा मान खाली घालून खाली जाणार. पण आत्या जागची हलली नाही. म्हणाली, "ज्यांना जायचंय त्यांनी जावा. मी माझ्या भावाच्या घरात बघीन. उलटी तर उलटी."

बाबांनी चाचांकडं पाहिलं. चाचांनी बाह्या सारल्या. दोघांनी मिळून टीव्ही भिंतीवरच्या खिळ्यांतून सोडवला, फिरवून सुलट केला, पण टांगायच्या कड्या आता खालच्या कडेला गेल्या होत्या; म्हणून खाली टेबलावर ठेवायला गेले, तर वायर पोचेना. प्लग वर, केबलचा डबा वर, आणि वायरी हातभर. पायही नव्हते उभा करायला. "नीचे नहीं आता," चाचा म्हणाले. "मग धरू या," बाबा म्हणाले. "कितनी देर?" "अर्धा तास." "हौ. धरेंगे."

आणि धरला. भिंतीला पाठ लावून दोघं उभे, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला चाचा, आणि दोघांच्या तोंडासमोर छातीच्या वर उचलून धरलेला बत्तीस इंची झिनिझ. दोघांच्या नुसत्या कपाळाचा वरचा भाग आणि खाली पाय दिसत होते. चाचा उंच, बाबा बुटके. त्यामुळं चित्र बाबांच्या बाजूला कललं. कार्यक्रम सुरू झाला, आत्या पडद्यावर आली, खोलीत टाळ्या पडल्या, आणि तिच्यासमोरचं आमटीचं पातेलं आता बाबांच्या अंगावर सांडणार असं वाटायला लागलं. "पाठक, तुमची बाजू वर घ्या!" जोशीकाका ओरडले. आईनं धावत जाऊन स्वयंपाकघरातला पाट आणला आणि बाबांच्या पायाखाली सरकवला. मग जमलं.

आत्या टीव्हीवर फार छान दिसत होती. येसर कसं भाजायचं ते सांगत होती, निवेदिका पोरगी सारखी "अय्या" म्हणत होती. दहा मिनिटांनी चाचांच्या नाकाला खाज सुटली. "अरे कोई तो खुजाव!" टीव्हीच्या मागून आवाज आला. चाची तोंडाला पदर लावून हसत उठल्या आणि सगळ्यांसमोर नवऱ्याचं नाक खाजवून आल्या. जाहिराती लागल्या तरी खाली ठेवायची सोय नव्हती. बाबांच्या पोटऱ्यांचे स्नायू थरथरताना दिसत होते. मी विचारलं, "बाबा, दुखतंय का?" "दिसतंय ना नीट?" आतून उत्तर आलं. "दिसतंय." "मग झालं."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की ज्यानं दोन दिवस समजावून आत्याला तिथं पाठवलं, ज्यानं सगळ्या इमारतीला बोलावलं, त्यालाच काही दिसत नव्हतं. त्याच्या तोंडासमोर टीव्हीची काळी, गरम पाठ होती.

शेवटी निवेदिकेनं आमटीचा भुरका मारला, डोळ्यांत पाणी आणलं आणि विचारलं, "आजी, ही आमटी तुम्ही कुणाकडून शिकलात?"

"कुणाकडून नाय," पडद्यावरची आत्या म्हणाली. "शिकवायला होतं कोण? आई गेली तवा मी बारा वर्षांची, भाऊ पाच वर्षांचा. दोन वर्षं माझी आमटी कधी करपायची, कधी आळणी, कधी नुस्तं पाणी. पण त्या पोरानं एक दिवस ताट सरकवलं नाय. करपली तर म्हणायचा, अक्का, आज वास लई छान येतोय. खात गेला, म्हणून मी करत गेले. आता मोठ्या कंपनीत हाय. माल नापास करायची नोकरी करतो. पण घरात त्यानं कधी कशाला नापास केलं नाय बघा. आमचा टीव्ही उलटा निघाला, तर तोबी तसाच टांगलाय त्यानं. उलटा."

सगळ्या शहरासमोर! खोलीत हसण्याचा असा स्फोट झाला की आमटी वाढायला घेतलेल्या आईच्या हातातून डाव पडला. आणि मग चित्र हलायला लागलं. आधी थोडं, मग चांगलंच. आत्याचा चेहरा पाण्यातल्यासारखा डुलायला लागला. "हलवू नका, पाठक! हलवू नका!" लोक ओरडले. त्यांना वाटलं बाबाही हसताहेत. तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून सय्यद चाचांचा आवाज आला. हळू बोलायचा प्रयत्न होता, पण त्यांना हळू बोलणं कधी जमलं नाही.

"साब, रो नक्को. पिक्चर हिल रई."

जोशीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. खुर्चीतली आत्या मान खाली घालून पातळाच्या निऱ्या सारख्या करत बसली. पडद्यावरच्या आत्यानं नमस्कार केला आणि परत साडीच्या दुकानाची जाहिरात लागली.

टीव्ही खाली उतरवला. दोघांचे हात कोपरात वाकलेलेच राहिले, सरळ होईनात. बाबांच्या शर्टावर घामाचा मोठा चौकोन होता. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कसा झाला कार्यक्रम? दिसली कशी अक्का?"

आता त्या कार्यक्रमाची टेप नव्हती, परत लागणारही नव्हता. तेव्हा कुणीतरी, बहुतेक जोशीकाकांनी, म्हटलं, की चला, यांना करून दाखवू. बाबा आणि चाचा या दोघांना दिवाणावर, मानाच्या जागी बसवलं. टेबल मध्ये ओढलं, त्यावर आत्याचं खरंखुरं आमटीचं पातेलं आणून ठेवलं. मी निवेदिका झाले, आईची रेशमी ओढणी घेऊन. जोशीकाकूंनी जाहिरातीतली बाई व्हायची तयारी दाखवली आणि मध्ये मध्ये येऊन साड्यांची नावं घेत गिरक्या मारल्या. आत्या लाजत लाजत आत्या झाली. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, ज्वारी किती भाजायची, धणे कधी टाकायचे. मी "अय्या, अय्या" करत होते. चाचा दर वाक्याला "वा!" म्हणत होते. बाबा पुढं वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून, डोळ्यांची पापणी न लववता बघत होते.

मग मी भुरका मारला आणि विचारलं, "आजी, ही आमटी तुम्ही कुणाकडून शिकलात?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं, पातेल्याकडं पाहिलं. "पुस्तकात वाचून," म्हणाली.

"अक्का," बाबा म्हणाले, "हे नव्हतीस म्हणाली तू."

"तुला काय ठाव? तू तर मागं होतास."

"आवाज माझ्या कानाशीच होता."

"मग ऐकलंस ना?" आत्या म्हणाली. "झालं तर. दोन-दोनदा सांगायला मी काय मालिका हाय का?"

लोक हसले, चाचांनी दिवाणावर थाप मारली. आत्यानं डाव उचलला आणि ताटं मांडायला सांगितली. बाबा उठले, आखडलेल्या हातानं त्यांनी तिच्याकडून डाव काढून घेतला, खुर्ची तिच्या मागं सरकवली आणि पहिली वाटी तिच्यासमोर ठेवली.

"आरं, पाहुण्यांना आधी!" आत्या ओरडली. "घरच्यांना आधी वाढत्यात का कुठं? तुला काही रीत हाय का नाय?"

बाबांनी ऐकलं नाही. ते तिच्या वाटीत आमटी ओतत राहिले, काठोकाठ.